कोकनी माशासाठी पहिले साहित्य निवडताना : माझा अनुभव

देवगडच्या खाडीत आजोबांबरोबर तांबोशी गरवताना जे शिकले होते, तेच वॉशिंग्टन राज्यातल्या लेक स्टीव्हन्सवर पहिल्या हंगामात माझ्या आड आले. तांबोशीचा जबडा कठीण असतो आणि आमिष घेताच ती खडपाकडे पळते; म्हणून जाड तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा), घट्ट पकड आणि जोराचा हिसका ही तिची रीत. कोकनीचे तोंड मात्र इतके मऊ असते की तसाच हिसका दिला तर गळ तिचा ओठ फाडून बाहेर येतो. साहित्य निवडताना ही एकच गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवायला हवी होती, आणि ती उमगायला मला पूर्ण एक हंगाम लागला.

कोकनी म्हणजे समुद्रात न जाता आयुष्यभर तळ्यातच राहणारा सॉकाय सॅमन. नाव ऐकून मलाही प्रथम कोकणच आठवले होते, पण हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या सॅलिश भाषांमधला असून त्याचा अर्थ ‘लाल मासा’ असा आहे. तीन-चार वर्षांचा झाल्यावर शरद ऋतूत हा मासा लालभडक होतो, अंडी घालतो आणि मरतो. त्याआधी तो चंदेरी असतो, बहुतेक वेळा 10 ते 14 इंच लांबीचा भरतो आणि पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांवर जगतो. त्यामुळे आमिषावर तो भुकेपोटी येण्यापेक्षा चिडून झडप घालण्याचाच संभव अधिक. आमिष कसे असावे आणि ते पाण्यात कसे हलावे, याचा उलगडा मला या एका माहितीतून झाला.

माझ्या घराजवळचे तळे म्हणजे लेक सॅमामिश. परंतु तिथली कोकनी स्थानिक वंशाची आणि संकटात असलेली असल्याने ती पकडून ठेवता येत नाही. म्हणून परवाना काढून, नियम वाचून मी उत्तरेला लेक स्टीव्हन्सला जाऊ लागले. बारा फुटांची जुनी ॲल्युमिनियमची होडी आणि तिला विजेवर चालणारी छोटी मोटर आमच्याकडे होती. काठी मी एका दुकानातून, ‘सॅमनसाठी’ एवढेच सांगून घेतली. ती ताठ आणि दणकट होती, आणि रिळावर मी अजिबात न ताणणारा विणीचा दोरा भरला. त्या वसंतात सात-आठ मासे लागले. त्यातला एकही होडीत आला नाही. काठीचे टोक थरथरे, मी ती हिसक्याने उचले आणि दोरा सैल पडे.

शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनी, जे अनेक वर्षे हाच मासा पकडत आले आहेत, माझी काठी हातात घेऊन नुसती वाकवून पाहिली आणि आधी ही बदला, बाकीचे नंतर पाहू, असे सांगितले. मग मी साडेसात फुटांची, टोकापासून जवळजवळ मुठीपर्यंत वाकणारी हलकी काठी घेतली. मासा उसळी घेतो, डोके झटकतो, तेव्हा तो धक्का काठीने गिळायला हवा. तो गळापर्यंत पोचता कामा नये. याच कारणासाठी विणीचा दोरा काढून 10 पौंडांचा ताण सोसणारे साधे तंगूस भरले, कारण ते थोडे ताणले जाते. रिळाचा ब्रेक इतका सैल ठेवला की हाताने ओढल्यावर दोरा सहज सुटावा. मासा लागल्यावर काठी तिच्या खोबणीतून अलगद उचलायची आणि संथपणे, न थांबता रीळ फिरवायचे. हिसका मुळीच द्यायचा नाही. माझ्या हाताला ही सवय लागणे साहित्य विकत घेण्यापेक्षा अवघड गेले.

रीळ मात्र जरा महाग घेतले, कारण त्यावर किती फूट दोरा सोडला ते दाखवणारा आकडा आहे. ज्या अंतरावर मासा लागला, त्याच अंतरावर दोरा पुन्हा सोडता येणे ही फार मोलाची सोय आहे.

दोऱ्याच्या शेवटी डॉजर लावतात. चार ते सहा इंचांची ही चकचकीत पत्री होडीमागे डावी-उजवी झुलते, प्रकाश फेकते आणि मागच्या आमिषाला हलवते. मी त्यामागे गुलाबी रंगाचा दीड इंची प्लास्टिकचा माकूल बांधते. या माकुलाला स्वतःची काहीच हालचाल नसल्याने मधला दोरा आखूड, आठ ते बारा इंचांचा, आणि थोडा ताठ हवा, म्हणजे डॉजरचा प्रत्येक झोका त्याच्यापर्यंत पोचतो. स्वतः फिरणारे आमिष असेल तर दोरा याहून लांब चालतो. सगळे पाण्यात सोडण्यापूर्वी मी ते होडीच्या कडेला धरून पाहते: डॉजर झुलला पाहिजे, गरगर फिरता कामा नये. फिरू लागला तर वेग कमी करायचा. माझा वेग साधारण ताशी 1.2 मैल असतो आणि तो मोबाइलवरच्या जीपीएसवर दिसतो, त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. नागमोडी वळणे घेतली की आतल्या बाजूचे आमिष मंदावते, बाहेरचे वेग घेते, आणि बरेचदा मासा नेमका तेव्हाच लागतो.

गळाच्या टोकाला पांढऱ्या मक्याचा एक दाणा लावतात. डबाबंद मक्याचे दाणे लसूण आणि ट्यूना माशाच्या तेलात रात्रभर मुरवून ठेवले की काम भागते. रंगांच्या बाबतीत मी गुलाबी आणि नारिंगी या दोहोंवर थांबले. दुकानात शेकडो प्रकार टांगलेले असतात आणि मोह होतो; पण पहिल्या वर्षी तो पैसा सुरक्षा जाकिटांवर घालावा असे माझे ठाम मत आहे. एप्रिलमध्ये पाणी अतिशय गार असते आणि त्यात पडलेल्या माणसाचे हातपाय लवकरच काम करेनासे होतात.

खोलीचा प्रश्न ऋतूवर अवलंबून आहे. वसंतात मासे वरच्या थरात असतात, तेव्हा डॉजरच्या बरेच पुढे बांधलेले दोन औंसांचे शिसे पुरते. उन्हाळ्यात वरचे पाणी तापले की कोकनी 10 ते 13 अंश सेल्सिअसच्या थरात खाली उतरते आणि शिशाच्या भरवशावर नेमकी खोली गाठता येत नाही. तिथे डाउनरिगर लागतो: होडीच्या कडेला बसवलेल्या चरकावरून तारेने खाली सोडलेला शिशाचा गोळा आणि त्याला चिमट्याने अडकवलेला आपला दोरा. मासा लागला की चिमटा सुटतो. हा चिमटा अगदी सैल असावा, नाहीतर लहान मासा बिचारा तसाच ओढला जात राहतो आणि आपल्याला कळतही नाही. मी दुसऱ्या वर्षी जूनमध्ये हाताने फिरवायचा एकच डाउनरिगर आणि पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारे छोटे सोनार यंत्र घेतले. त्याआधीच्या दोन महिन्यांत त्यांच्यावाचून काही अडले नव्हते.

नवी काठी, सैल ब्रेक आणि मक्याचा दाणा घेऊन मे महिन्यातल्या एका पहाटे पहिला मासा होडीजवळ आला. होडी दिसताच कोकनी जिवाच्या आकांताने गोल फिरते आणि दोऱ्याने वर उचलली तर हमखास सुटते. म्हणून लांब दांड्याची, रबरी जाळी आधीच पाण्यात धरून ठेवली होती. मासा तिच्यावर आणला आणि मग जाळी उचलली. चौदा इंचांना जरा कमी भरला. त्याचे कल्ले लगेच कापून रक्त जाऊ दिले आणि बर्फ व पाणी भरलेल्या पेटीत ठेवला, कारण त्याचे तांबूस, तेलकट मांस उन्हात फार लवकर मऊ पडते. ती पेटी मी घरूनच भरून नेली होती.