मशीन थांबवा, हौद मागे पडलाय

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, संगमनेर तालुक्यातलं एक गाव, अडीच एकर खरिपाची मका, मुरघासासाठी कापायची. मुरघास म्हणजे ओला चारा बारीक कापून, हौदात दाबून, हवाबंद ठेवून आंबवलेला. पेरून ८२ दिवस झालेले. मशीनमालकाच्या टोळीत आम्ही पाच जण होतो : हार्वेस्टरवर एक, दोन ट्रॉल्यांवर दोघे, दाबायच्या ट्रॅक्टरवर एक आणि हौदात मी. हौदातल्या माणसाचं काम कुट्टी, म्हणजे बारीक कापलेली मका, पसरायची, चारा आंबवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर फवारायचं आणि थर नीट बसला की नाही ते बघायचं. मुरघास चांगला होणार की काळा पडणार, हे वावरात थोडं आणि हौदात जास्त ठरतं. लोक मात्र बघायला मशीनभोवती उभे राहतात.

सकाळी मशीन लावायच्या आधी चार-पाच ठिकाणची कणसं मोडून पाहिली, बांधाकडची आणि मधलीही. कणीस मधोमध मोडायचं आणि शेंड्याकडचा अर्धा भाग हातात धरून दाण्याच्या सपाट बाजूकडे बघायचं. दाण्याच्या वरच्या अंगाला घट्ट पिवळा भाग दिसतो, खाली बुडाकडे पांढरा चीक, आणि दोन्हींच्या मधे रेघ. ती रेघ अर्ध्यावरून दोन तृतीयांशाकडे सरकली की मका कापायला आली. बहुतेक वावरात रेघ अर्ध्यावर होती, फक्त विहिरीकडच्या सात-आठ ओळी मागे होत्या, तिथं पाणी जास्त बसलं होतं. मग मूठ. कुट्टी मुठीत अर्धा मिनिट गच्च दाबायची आणि हात उघडायचा. बोटांतून रस गळला तर ओल फार. गोळा तसाच राहिला आणि हात नुसता ओलसर झाला तर अजून थोडी घाई होतेय. गोळा सावकाश उमलला तर कोरडा भाग ३० ते ३५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बरोबर. लगेच विस्कटला तर उशीर झालाय, कारण अशी कुट्टी कितीही दाबली तरी स्प्रिंगसारखी वर येते. आमचा गोळा सावकाश उमलला. विहिरीकडच्या ओळी शेवटी घ्यायच्या ठरल्या.

शेतमालक अण्णांनी गुळाचं पाणी, मीठ आणि युरिया काढून ठेवलं होतं. मक्यात साखर पुरेशी असते, वेळेवर कापलेल्या मक्याला गुळाची गरज पडत नाही. युरिया तर न मोजता, न मिसळता टाकला की एका जागी गोळा होतो आणि तेवढा घास खाणाऱ्या गाईला विषबाधा होते. तो बाजूला ठेवायला सांगितला. कल्चर मात्र वापरलं. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे विहिरीच्या पाण्यात कालवायचं, क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यात नाही, कारण ज्या जिवाणूंनी काम करायचं तेच त्यात मरतात. प्रत्येक थरावर पाठीवरच्या पंपानं बारीक फवारा.

हौद ३० फूट लांब, १२ फूट रुंद, ६ फूट उंच, तीन बाजूंना काँक्रीटच्या भिंती आणि पुढून उघडा. म्हणजे २१६० घनफूट. चांगली दाबलेली कुट्टी घनफुटाला साधारण १८ किलो बसते, तेव्हा काठोकाठ ३९ टन. एकरी १६ टन धरले तर अडीच एकराचे ४०. हिशेब जुळत होता. पण गोठ्यात गाई आठ. हौद शेजारच्या मोठ्या गोठ्याचा बघून बांधला होता. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण त्याची किंमत नंतर दिसली.

भिंतींच्या आतून कागद आधीच सोडून घेतला, वरून दुमडायला चार-चार फूट बाहेर ठेवून. पावणेनऊला पहिली ओळ लागली. वीतभर बुडखा सोडून कापणी. त्याहून खाली गेलं की माती येते, आणि मातीबरोबर मुरघास सडवणारे जिवाणू. शिवाय पावसाचा खंड पडून मग पाऊस झाला की ताटाच्या बुडाशी नायट्रेट साठतं, तेही वावरातच राहिलेलं बरं. या मशीनला दाणा चिरडायचे रोलर नाहीत, म्हणून तुकडा आखूड ठेवला, सेंटीमीटरभर. एक लिटरचं माप भरून ओतून पाहिलं, अख्खे दाणे दोन निघाले. तीनच्या वर निघाले असते तर पाती आणि आडव्या पट्टीमधली फट पुन्हा लावावी लागली असती. अख्खा दाणा शेणातून तसाच बाहेर पडतो, तो दुधात येत नाही.

तीन खेपा छान आल्या. चौथी ट्रॉली भरत असताना मशीनचा आवाज बदलला, खडखड झाली आणि शिअर बोल्ट तुटला, ताण वाढला की आधी तुटून मशीन वाचवतो तो. पीटीओ (ट्रॅक्टरवरून मशीन फिरवणारा दांडा) बंद, ट्रॅक्टर बंद, किल्ली ड्रायव्हरच्या खिशात. तरीही पात्यांचं जड चाक मिनिट-दीड मिनिट फिरत राहतं, आणि झाकण उघडायची घाई बोटं घेऊन जाते. चाक पूर्ण थांबल्यावर उघडलं. आत १६ मिलिमीटरची ठिबकची नळी, म्हणजे लॅटरल, रुळाला गुंडाळून बसली होती. अण्णांनी आदल्या दिवशी सगळ्या नळ्या गुंडाळून बांधावर टाकल्या होत्या, पण एकीचा शेवटचा तुकडा मातीत दबून राहिला होता. चाकानं तो वर काढला आणि मशीननं ओढून घेतला. नुसती नळी असती तर एवढ्यावर भागलं असतं. पण टोकाला एंड कॅप नव्हती. टोक दुमडून बांधकामाच्या तारेनं बांधलं होतं.

बारापैकी दोन पात्यांचे तोंड गेले. पाती बदलताना समोरासमोरची जोडी बदलायची, नाहीतर चाकाचा तोल जातो आणि बेअरिंग खातं. दोन जागी झिज होती म्हणून दोन्ही जोड्या, म्हणजे चार पाती काढली, उरलेल्यांना दगडानं धार लावली, फट एक मिलिमीटरच्या आत घेतली. दीड तास गेला.

खरा प्रश्न ट्रॉलीचा होता. त्यात अडीच-पावणेतीन टन कुट्टी होती आणि काळ्या प्लास्टिकचे तुकडे नजरेला दिसत होते. ते वेचून बाकीची हौदात टाकू, असं अण्णांचं म्हणणं. आम्ही लोहचुंबक फिरवला तर तारेचे तीन तुकडे चिकटून आले, एक दोन सेंटीमीटरचा, टोक सुईसारखं. गाय चघळून गिळत नाही, घास तसाच आत ढकलते. तार जाळीच्या पोटात बसते, पोट आकुंचन पावताना पुढे सरकते, आणि पुढे लगेच हृदय आहे. अशी गाय खाणं सोडते, पाठ कमानीसारखी वर करून उभी राहते, कोपर बाहेर काढते. तीन तुकडे सापडले याचा अर्थ तीनच होते असा नाही, आणि प्लास्टिक तर चुंबकाला लागतही नाही. अण्णांच्या घरच्या मावशींनी तो तुकडा हातात घेऊन पाहिला आणि अण्णांना एवढंच म्हणाल्या, “राहू द्या, ती नका टाकू.” ती ट्रॉली गोठ्याकडे नाही, लांबच्या उकिरड्यावर गेली. एका मुठीएवढ्या तारेनं पावणेतीन टन चारा नेला. तेव्हापासून मशीन लावायच्या आदल्या संध्याकाळी वावर चालून बघणं आमच्यात ठरलेलं आहे : प्रत्येक लॅटरलचं टोक हातानं उचलून बघायचं, बांधावरच्या तारेचे तुकडे, खिळे, पंपाचे नट, सगळं.

सव्वाबाराला पुन्हा सुरुवात. आणि इथून त्या दिवसाचा खरा ताण.

दोनओळी हार्वेस्टर चांगल्या वावरात ताशी १५ टन सहज काढतो. पण हौदात ताशी जितके टन येतात, तितक्या प्रत्येक टनाला दाबायच्या ट्रॅक्टरचं साधारण ४०० किलो वजन लागतं. आमचा ट्रॅक्टर, मागच्या चाकांत पाणी भरूनही, जेमतेम २२००-२३०० किलोचा. म्हणजे तो ताशी साडेपाच-सहा टनच नीट दाबू शकतो, तासाला दोन खेपा. त्यापेक्षा वेगानं कुट्टी आली की थर जाड पडतात, ट्रॅक्टरचं वजन वरच्या सहा इंचांपलीकडे पोचत नाही, आणि खाली हवा कोंडून राहते. जिथं हवा तिथं लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू मागे पडतात आणि यीस्ट-बुरशी पुढे जाते. थर सहा इंचांचा, वरून चाकाचा माग चाकाला चिकटून, भिंतीलगतची पट्टी सर्वात जास्त वेळा. टाचेनं दाबलं तर बूट आत जाता कामा नये. मशीनला थांबावं लागलं तरी चालेल, हौद मागे पडता कामा नये.

सव्वादोन तासांत चार खेपा अशाच नीट बसल्या. अडीचला पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. मशीनमालकाचा फोन आला, दुसऱ्या दिवशीचं वावर पलीकडच्या गावात होतं, आजच उरकायचं होतं. ड्रायव्हरनं गिअर वाढवला. पुढच्या एका तासात चार ट्रॉल्या आल्या, जवळपास ११ टन. जे काम दोन तासांचं ते एका तासात. मी फावड्यानं पसरत होतो पण थर फुटभर, सव्वाफुटाचे पडत होते, ट्रॅक्टर त्यावर डुलत होता. शेजारचा ट्रॅक्टर आणायची सूचना आली, पण १२ फुटांत दोन ट्रॅक्टर शेजारी-शेजारी चालत नाहीत. जेसीबी सात टनांहून जड, दाब उत्तम, पण भिंतीलगत त्याचं चाक गेलं की भिंत बाहेर फुटायची भीती, आणि ही भिंत किती सळयांची आहे हे कुणालाच सांगता येईना.

साडेतीनला मी वर चढून मशीन थांबवायला सांगितलं. अर्धा एकर उभा राहिला, त्यात विहिरीकडच्या ओल्या ओळीही होत्याच. मालकाला फोनवर हिशेब सांगितला, त्यांना तो आवडला नाही, पण त्यांनी ऐकलं. उभी मका पावसात दोन दिवस राहिली तर फार बिघडत नाही. हौदात सैल पडलेली कुट्टी मात्र पुन्हा उचलता येत नाही. नंतर सव्वा तास फक्त दाबणं. हौद साडेचार फुटांपर्यंत भरला होता, मधे थोडा उंच आणि कडांना उतरता, म्हणजे कागदावर पाणी थांबणार नाही.

पावणेपाचला भिंतीवरचा कागद आत दुमडला, त्यावर २०० मायक्रॉनचा काळा-पांढरा कागद, पांढरी बाजू वर, म्हणजे ऊन परततं. मागून पुढे हवा ढकलत आणला, कडांना वाळूच्या गोण्या अंतर न ठेवता एकीला एक लावून, मधे जुने टायर, पुढच्या तोंडाला माती. शेवटची गोणी ठेवेपर्यंत थेंब सुरू झाले.

तिसऱ्या दिवशी अण्णांचा फोन : कागद फुगलाय, टाचणी मारून हवा काढू का? नाही. पहिल्या दिवसांत आतून वायू सुटतो, तो आपोआप बसतो, भोक पाडलं की हवा उलट आत जाते. आणि त्या दिवसांत कडेला पिवळसर-तांबूस धूर किंवा ब्लीचिंगसारखा उग्र वास आला तर पोरांना, गुरांना तिथं जाऊ देऊ नका. तो वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो आणि फुप्फुसं जाळतो. जमिनीतला खड्डा असेल तर पहिले तीन आठवडे कुणीही आत उतरू नये. उरलेला अर्धा एकर आम्ही चौथ्या दिवशी कापून एकेक टनाच्या पिशव्यांत भरला.

हौद ४५ दिवसांनी उघडला. त्यानंतर दोन आठवड्यांनी त्याच शिवारात दुसऱ्या कामाला गेलो तेव्हा बघून आलो. खालचा भाग हिरवट-पिवळा, आंबट-गोड वासाचा, हाताला थंड. वरून फुटभर खाली मात्र तळहाताएवढ्या जाडीचा पांढरा-करडा पट्टा, भिंतीपासून भिंतीपर्यंत सरळ, हात घातला तर कोमट. ही त्या दिवशी अडीच ते साडेतीन या तासात घाईनं आलेली कुट्टी. त्यात आठ गाईंना रोज १६० किलो लागतात, आणि १२ फूट रुंद तोंडातून तेवढे काढले की तोंड दिवसाला जेमतेम दोन इंच मागे सरकतं. सहा इंच तरी सरकायला हवं, म्हणजे हवा आत शिरायच्या आधी तो भाग गव्हाणीत गेलेला असतो. सैल पट्ट्याला एवढी सवड पुरली. एवढ्याच गाईंना सगळा माल पिशव्यांतच भरला असता तर बरं झालं असतं, आणि ते मी पहिल्या दिवशी हौद मोजतानाच सांगायला हवं होतं.

अण्णांना पट्टा रोज हातानं वेगळा काढायला सांगितला, दोन्ही बाजूंचा चार बोटं चांगला दिसणारा मुरघासही त्याच्याबरोबर, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. गाभण गाईंना त्या ओळीच्या आसपासचं अजिबात नाही. काटेरी फावड्यानं तोंड उकरायचं नाही, वरून खाली सरळ कापत यायचं. मावशींनी त्यासाठी कडबा कापायचा जुना कोयता धार लावून हौदाजवळ टांगून ठेवला होता.