भुसार व्यापारी निवडताना: ताटलीतला नमुना नको, दुसरी खेप बघा

महिन्याला टन-दीड टन धान्य लागणारी मेस, वसतिगृह किंवा केटरिंग असेल, तर कधीतरी पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात किंवा वाशीच्या दाणा बंदरात जावंच लागतं. तिथे प्रत्येक पेढीवर ताटल्यांमध्ये नमुने मांडलेले असतात. ताटलीतला माल सगळीकडे चांगलाच असतो, त्यामुळे त्यावरून व्यापारी ठरवायचा नाही.

कागदपत्रांचं काम दहा मिनिटांचं आहे. जीएसटी क्रमांक 15 अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, क्रमांक 14 अंकी असतो. तो त्यांच्याच फॉसकॉस संकेतस्थळावर टाकून परवाना चालू आहे का आणि पेढीचं नाव-पत्ता बिलाशी जुळतो का, एवढं बघा. यात गडबड निघाली तर पुढे बोलूच नका.

दर विचारताना मात्र घाई नको. 'किलोला एवढे' या उत्तराला काही अर्थ नसतो. विचारायचं ते असं: हा दर पोच आहे की दुकानावरचा? हमाली, तोलाई, भाडं वेगळं का? वजन निव्वळ की बारदानासकट (रिकाम्या पोत्याच्या वजनासह)? 50 किलो भरतीचं तागाचं पोतं रिकामं साधारण अर्धा किलोच्या वर भरतं, नवं असेल तर 580 ग्रॅमच्या आसपास. 40 पोती बारदानासकट तोलून घेतली की 23 किलो ताग धान्याच्या भावाने घेतला! प्लास्टिकच्या गोणीत हा फरक शे-सव्वाशे ग्रॅमचा. आणि 26 किंवा 30 किलोचे कट्टे बाजारात एवढे का दिसतात, तर 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर 5 टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या कट्ट्यावर नाही. 30 किलोच्या कट्ट्यावर कोणी कर लावून दर सांगत असेल तर कारण विचारा.

दर जास्त असेल तर घासाघीस करता येते. कमी असेल तेव्हा जास्त सावध राहायचं. तूरडाळीचं गणित सोपं आहे. 100 किलो तुरीतून साधारण 70 ते 75 किलो डाळ पडते. समजा तूर क्विंटलला 7,500 रुपये आहे, तर 72 किलो उताऱ्याने नुसती तूरच डाळीच्या किलोमागे 104 रुपये होते. चुनी-भुशाचे (भरडताना निघणाऱ्या तुकड्या-टरफलांचे) पैसे वजा केले तरी मिलचा खर्च आणि नफा आहेच. अशा दिवशी कोणी 90 ला 'एक नंबर डाळ' देत असेल, तर तिच्यात काय आहे ते शोधावं लागेल. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर रोज येतात. लातूरचा तुरीचा दर बघूनच फोन करावा.

डाळीत सापडतं ते असं: लाखोळीची डाळ (तिचा दाणा पाचरीसारखा, एका बाजूने उतरता असतो, तुरीचा गोलसर), जुनी डाळ आणि तेल-पाणी मारून आणलेली चमक. मूठभर डाळ पांढऱ्या कपड्यावर ओल्या हाताने चोळा. कापडाला लगेच पिवळा रंग लागला तर डाळीला वरून रंग दिलाय, ती पेढी सोडा. आफ्रिकेतून आलेल्या तुरीची डाळ वाईटच असते असं नाही, पण देशी डाळीत मिसळली की शिजायला वेगवेगळा वेळ घेते: अर्धी विरघळते, अर्धी कुकरमधून टणक निघते. म्हणून 100 ग्रॅम डाळ तुमच्याच कुकरमध्ये, तुमच्याच पाण्यात, नेहमीच्या शिट्ट्यांवर शिजवून बघा. डोळ्यांनी हे ओळखता येत नाही.

गव्हासाठी एक लिटरचं माप आणि काटा पुरतो. माप न ठोकता भरून वर पट्टी फिरवा. चांगला गहू 760 ते 800 ग्रॅम भरतो. 730 च्या खाली आला तर दाणा पोचट आहे, पीठ कमी आणि कोंडा जास्त पडेल. ज्वारीत मालदांडी या रब्बी वाणाच्या नावाखाली खरिपातली हायब्रीड मिसळतात. पावसात भिजलेल्या कणसाचे काळपट, बुरशी धरलेले दाणे त्यात दिसतात. शंका असेल तर थोडी दळून भाकरी थापा. कडा फाटत असतील तर नको. तांदूळ तोलून कणी वेगळी काढा आणि टक्का लिहून ठेवा, एवढं बस.

ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर मीठ वापरा. तव्यावर भाजून कोरडं केलेलं चमचाभर मीठ आणि दोन मुठी धान्य कोरड्या काचेच्या बरणीत घालून दोन-तीन मिनिटं हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे. असं धान्य गोदामात तापतं आणि बुरशी धरतं.

आता खेप. 10 पर्यंत गोण्या असतील तर सगळ्या, शंभरपर्यंत असतील तर कुठल्याही 10 निवडून पन्हळी सळई (गोणीत खुपसून दाणे बाहेर काढायची) घेऊन वरून, मधून आणि बुडातून नमुना काढा. हमाल उतरवत असतानाच हे करायचं, थप्पी लागल्यावर खालच्या गोण्या मिळत नाहीत. तिन्ही थरांचे ढीग वेगळे ठेवा. वरचा आणि बुडाचा ढीग वेगळा दिसला तर माल मिसळलेला आहे.

अर्धा किलो नमुना घट्ट झाकणाच्या बरणीत तारीख लिहून महिनाभर ठेवा. सोंड्याची अंडी दाण्याच्या आत असतात, त्या दिवशी दिसत नाहीत. चार-पाच आठवड्यांत किडे बाहेर पडतात. मूग-हरभऱ्यावर पांढरे ठिपके दिसले तर ती भुंगेऱ्याची अंडी. धुरी (कीड मारायचा वायू) कधी दिली आणि नंतर माल हवेशीर कधी केला, हे विचारा. 'आम्ही गोळ्या टाकतो' हे उत्तर पुरेसं नाही.

पहिली खेप व्यापारी जपूनच पाठवतो. म्हणून पहिल्या खेपेनंतर महिनाभराचा करार करू नका. दुसरी खेप त्याच दराने, न कळवता निवडलेल्या दिवशी मागवा आणि पहिल्या बरणीशेजारी ठेवून बघा. त्यातल्या दोन गोण्या खराब निघाल्या तर लगेच परत पाठवा. त्या कोण उचलतो, भाडं कोण देतो, बदली माल किती दिवसांत येतो आणि बिलात दुरुस्ती होते की 'पुढच्या वेळी बघू' म्हणतात, हे वहीत लिहा. दोन व्यापाऱ्यांत किलोमागे दीड रुपयाचा फरक असला, तरी या नोंदी बघून महाग वाटणाराच निवडायची वेळ येते.