पाटीवर बसून प्रमेय

शनिवार, रात्री सव्वादहा

आज मैदानावर जाम बोलणी खाल्ली. खो-खोच्या पाटीवर, म्हणजे पाठलाग करणाऱ्यांच्या बसायच्या जागेवर, बसले होते आणि तोंडातल्या तोंडात चालू होतं, "दोन समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर हे त्यांच्या संगत भुजांच्या वर्गांच्या..." तेवढ्यात पाठीवर थाप पडली. खो ऐकू आला, पण उठायचंय हे कळलंच नाही. मी उठेपर्यंत समोरची पोरगी हुलकावणी देऊन पार खांबाकडं. सर ओरडले, "काय गं, झोपलीस व्हय?" प्रमेय पाठ करत होते असं सांगायची काही सोय नव्हती.

आठ जणी एकाआड एक उलट तोंड करून बसतात. अर्धा खेळ आपल्या पाठीमागंच चालतो, नुसते कान टवकारून बसायचं. तिथं त्रिकोण चालत नाहीत. वर्गात मात्र सामन्याचा विचार मस्त करता येतो. (करतेच मी. इतिहासाच्या तासाला जास्त.)

दहावी लागल्यापासून आत्याचं एकच पालुपद, "एक वर्ष खेळ बंद कर." हीच आत्या जानेवारी 2025 मध्ये, भारतानं पहिला खो-खो विश्वचषक जिंकला तेव्हा, "बघ, कॅप्टन आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे!" म्हणून फोन करत होती. पप्पांचं वेगळंच. "सोडू नकोस, सवलतीचे गुण मिळतात." याचा मला जास्त राग येतो. सहापैकी पाच विषयांची बेरीज, वर खेळाचे गुण, असा कागदच मांडून बसतात ते. गुणांसाठी कुणी खांबावर सूर मारून गुडघे सोलून घेतं का?

खेळानं अभ्यास बुडतो का, हे मलाच बघायचं होतं. म्हणून सोमवारपासून वहीच्या मागच्या पानावर वेळ लिहिली. सराव पाच ते सात. घरी सव्वासात. पुस्तक उघडलं ते रोज पावणेनऊ, एकदा तर नऊ वाजून दहा! मधला दीड तास गेला कुठं? "पाच मिनिटं टेकते गं आई" म्हणायचं, शेंगदाणे खायचे, मग मोबाइल. मैदानानं दोन तास नेले आणि टेकण्यानं दीड. हे पान पप्पांना दाखवणार नाही. आत्याला तर नाहीच.

आज आल्या आल्या पाय धुतले, मोबाइल आईकडं दिला आणि थेट सरावसंच 1.4. चार गणितं सुटली. पाचव्याला डोळा लागला, पेन्सिलची रेघ आकृतीतून निघून पार समासाबाहेर. आई म्हणाली, "आधी जेव बाई."

गुडघा ठणकतोय. उद्या सहाला मैदान. पाचवं गणित तसंच राहिलंय, ते पाटीवर न्यायचं नाही.