काटा की बियाणं?

आज आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची सर्वसाधारण सभा झाली, औसा तालुक्यात. भाव, काटा, वाहतूक हे नेहमीचं झालं. मग सीईओ उठले अन् म्हणाले, "पाच वर्षांनी आपण कोण असणार? सोयाबीन मोजून व्यापाऱ्याला देणारे, का बियाणं तयार करणारे?"

सगळे गप्प. मागून एक आजोबा बोलले, "बियाणं घरचं असलं की पेरणीला कुणापुढं हात पसरावा लागत नाही." साहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. मला तो क्षण फार भिडला.

कायद्यानं अशा कंपनीचा सीईओ पूर्णवेळ लागतो अन् तो सभासदांपैकी नसतो. मला हे आधी खटकायचं. बिनशेतीचा माणूस आमची दिशा काय ठरवणार? पण दिशा आमच्यातूनच निघाली, त्यांनी तिला हिशेब जोडला: बियाण्याच्या प्लॉटची नोंदणी, प्रतवारी, साठवण, अन् किमान ७० टक्के उगवण. खर्चही लपवला नाही. एवढं मोकळं बोलणारा माणूस मिळाला, हे आमचं भाग्य.

घरी येऊन १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळलेत. आठ दिवसांनी कळंल किती उगवले ते.