तुम्ही विचारलंत म्हणून : घुम्या मुलीला बी.एड.ला घालावं का?

"काकू, आमची फारच घुमी आहे हो. वर्गात पोरं खाऊन टाकतील तिला. बी.एड.ला घालू की नको?" दांडिया बाजारात भाजी घेताना, हळदीकुंकवाला, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटताना, कुठेही हा प्रश्न येतो. मी वडोदऱ्यातल्या एका ग्रँटेड गुजराती शाळेत विज्ञान शिकवत आले, आता बी.एड.च्या मुलामुलींचे पाठ बघायला जाते आणि स्वतः काही बोलघेवडी नाही. त्यामुळे उत्तर माझ्याकडेच असणार, असं लोक धरून चालतात.

उत्तर आहे : खुशाल घाला. मुलगी घुमी आहे की बडबडी, यावरून ती कशी शिकवेल हे फारसं सांगता येत नाही. ती कशानं दमेल, हे मात्र बरंचसं सांगता येतं. नोकरीत माणूस टिकतो की करपतो, त्यात या दमण्याचा वाटा मोठा असतो आणि त्याबद्दल बी.एड.च्या दोन वर्षांत कुणी चकार शब्द काढत नाही.

मानसशास्त्रात स्वभाव मोजायची जी पट्टी आज सर्रास वापरतात, तिच्यावर पाच गुण असतात : नव्याची ओढ, काटेकोरपणा, माणसांत रमणं, जुळवून घेणं आणि मनाचं स्थैर्य. लिसा किम, व्हेरेना यॉर्ग आणि रॉबर्ट क्लासेन यांनी २०१९ मध्ये शिक्षकांवरचे २५ अभ्यास एकत्र करून पाहिले. जुळवून घेणं सोडलं तर बाकी चारही गुणांचा चांगल्या शिकवण्याशी संबंध निघाला. पण तो बारीकच, आणि विशेष करून कुणी शिकवण्याचं मूल्यमापन केलं असेल तिथे दिसणारा. आता मूल्यमापन कसं होतं हे मला विचारा, कारण मागच्या बाकावर फाइल घेऊन बसणारी बाई मीच. वर्गात हशा पिकला, शिक्षिका बाकांमधून फिरली, भराभर हात वर झाले, की पेन आपोआप वरच्या गुणांकडे सरकायला लागतं. माणसांत रमणारी शिक्षिका चांगली शिकवते की चांगली दिसते, हा प्रश्न मला त्या आकड्यांपुढेही पडतोच.

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात एका मुलीचा पाठ बघत होते. आवाज इतका बारीक की तिनं आधी वरचा पंखा बंद करायला लावला. टेबलावर बर्फाचा चंबू, खाली स्पिरिटचा दिवा, चंबूत थर्मामीटर. "दिवा चालू आहे, बर्फ वितळतोय, मग पारा शून्यावरच का अडकलाय?" एवढं विचारलं आणि बोटांवरची खडूची पूड झटकत गप्प उभी राहिली. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीचा हात लगेच वर गेला. हिनं नुसती मान हलवली, थांब म्हणून. चुळबुळ झाली, कुणीतरी खोकलं. मग भिंतीकडेचा एक मुलगा हात वर न करताच म्हणाला, "टीचर, गरमी तो बरफने तोडवामां वपराई जाय छे." (गरमी तर बर्फ तोडण्यातच खर्च होते.) तिनं त्याचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि त्याच्याखाली लिहिलं : गुप्त उष्मा.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या टेप ऐकून दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी पोरंही तोंड उघडतात. आम्ही हे लेसन प्लॅनमध्ये लिहून घेतो, पण बडबड्या माणसाला ते तीन सेकंद जीवघेणे होतात. घुम्या मुलीला ते जन्मजात फुकट मिळालेले असतात.

मग ती दमते कशानं? वर्गानं नव्हे. पालक-सभेनं, नवरात्रीत शाळेच्या गरब्याला माइक हातात दिला की त्यानं, आणि मधल्या सुट्टीतल्या स्टाफरूममधल्या कलकलाटानं. माझे सलग चार तास सहज जायचे, पण पालक-सभा झाली की घरी येऊन कुणाशी बोलायची इच्छा उरायची नाही. डबा मी प्रयोगशाळेत खायची. अबोल शिक्षकाचं ते माहेरच. (विज्ञान निवडायला एवढं कारणही पुरेसं आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.)

हे हसण्यावारी नेऊ नका. किम आणि मंडळींच्या त्याच अभ्यासात करपण्याचंही, म्हणजे बर्नआउटचंही, पाहिलं होतं : मन स्थिर असणारे, माणसांत रमणारे आणि काटेकोर शिक्षक कमी करपतात. म्हणजे घुमी असणं ही जोखीम आहेच. क्रिस्टिना मासलाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये हे करपणं मोजायची जी प्रश्नावली केली, तिच्यात तीन लक्षणं धरली आहेत : मनानं पार थकून जाणं, समोरच्या माणसाकडे वस्तूसारखं बघायला लागणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. दुसरं लक्षण ओळखायला प्रश्नावली लागत नाही. "या पोरांचं काही होणार नाही" हे वाक्य स्टाफरूममध्ये कुणाच्या तोंडी रोज यायला लागलंय ते ऐका. बहुधा ती एके काळी प्रत्येक नापास मूल मनाला लावून घेणारी असते.

काटेकोरपणाचं मात्र मला फार कौतुक नाही. आमच्याच बडोदा कॉलेजात, म्हणजे आताच्या सयाजीराव विद्यापीठाच्या घुमटवाल्या इमारतीत, अरविंद घोष शिकवायचे. त्यांनी पुढे गमतीनं सांगितलं होतं की भाऊ मनमोहन कलकत्त्यात टिपणं काढून फार कष्टानं शिकवायचा, आपण मात्र टिपणांकडे बघायचोही नाही आणि कधी कधी आपलं विवेचन टिपणांशी जुळायचंच नाही. असा प्राध्यापक आज पाठाला बसला तर आमच्या रकान्यांत नापास होईल.

आता खरी गोष्ट. मला घुम्या मुलींची काळजी नाही, भिडस्त मुलींची आहे. जुळवून घेण्याचा चांगल्या शिकवण्याशी संबंध निघाला नाही, असं वर म्हटलं ना? मला त्याचं नवल वाटलं नाही. जुळवून घेणारीला शिकवायला वेळ कुठे ठेवतात? कुणी रजेवर, तर बदली तासाची प्रॉक्सी तिला. प्रवेशोत्सवाची सजावट तिला, यू-डायसची, म्हणजे सरकारकडे जाणारी शाळेची माहिती भरणं तिला, मतदार यादीसाठी बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून नाव पाठवायचं तर तिचं. शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्यातलं २७वं कलम सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बिगरशैक्षणिक कामाला शिक्षकांना जुंपायचं नाही. पण शाळेच्या आतल्या आत कुणाला किती जुंपायचं, याला कलम नाही. कोण नाही म्हणत नाही, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला पहिल्या महिन्यात कळतं.

आणि सगळं खापर स्वभावावर फोडू नका. आता पुष्कळ जणी ज्ञान सहायक म्हणून ११ महिन्यांच्या करारावर लागतात. करार पुढे चालेल की नाही याची टांगती तलवार असताना कितीही फटकळ मुलगी भिडस्तच होते. तिला "नाही म्हणायला शीक" असं सांगणाऱ्यांची पेन्शन बहुधा सुरू झालेली असते. माझीही झाली आहे, म्हणून मी तसं सांगत नाही. मी म्हणते, काम घ्यायचंच असेल तर आधी निवडून घे. घुमी असशील तर वेळापत्रक, प्रयोगशाळा, निकालपत्रकं स्वतःहून माग, म्हणजे सूत्रसंचालन दुसऱ्या कुणाकडे जाईल. आणि घेतलेल्या प्रत्येक प्रॉक्सीची तारीख वहीत लिहून ठेव. "मलाच का?" म्हणताना भिडस्त माणसाचा आवाज फुटत नाही, वही पुढे करता येते.

तेव्हा आई-बाबांनी मुलीला पाठवून द्यावं. सोबत येऊन तिच्या वतीनं बोलू नये, एवढंच.