ओलं फडकं आणि कुंभारीण

उन्हाळ्यात जुनी फियाट बंद पडली की खान्देशातला माणूस आधी पाणी शोधतो. बॉनेट उघडायचं, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकायचं, चहा होईस्तोवर थांबायचं. उपाय खोटा नाही. ४५ अंशांत पेट्रोलची पाइपातच वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. पण सावद्याच्या आबांची पद्मिनी, म्हणजे तीच जुनी फियाट, पौषातल्या गारठ्यातही बंद पडायची. तेव्हा कसली वाफ?

माझ्या गॅरेजमध्ये येण्याआधी त्यांनी दुसरीकडे दोनदा पंप बदलून घेतला होता, कार्बोरेटरचं किटही टाकलं होतं. "दहा-पंधरा किलोमीटर झकास पयते भो," आबा म्हणाले, "मंग झटके देते आन् मरते. थोडं थांबलो का परत चालू."

मी शेजारी बसलो. भुसावळ सोडून, तापी ओलांडून फैजपूरच्या रस्त्याला बरंच पुढे गेलो आणि गाडीनं झटके दिले. आबा सवयीनं बॉनेटकडे धावले. मी मागे जाऊन टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत ओढली गेली. लगेच स्टार्टर मारला, गाडी चालू!

पेट्रोल जितकं बाहेर जाईल तितकी हवा टाकीत यावी लागते. ती आली नाही की आत पोकळी होते आणि चांगला पंपही हात टेकतो. गाडी उभी राहिली की झाकणाच्या फटीतून हवा हळूहळू झिरपते, म्हणून 'आपोआप' बरं वाटतं.

टाकी उतरवली, हवेच्या नळीत तार घातली, तर पुढे जाईना. टोकरल्यावर सुकी माती पडली, मातीत वाळलेले कोळी. पिलांसाठी मातीच्या घरात कोळी भरून ठेवणाऱ्या कुंभारीण माशीचं घर! गाडी काही वर्षं केळीच्या शेडमध्ये उभी होती, तेव्हा तिनं जागा धरली असणार.

पण आत जे निघालं ते माशीपेक्षा वाईट होतं. तळाला गंजाचा चिखल, वर डिंकासारखा थर, वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा. जुन्या पेट्रोलवरच आबांनी नवं भरलं होतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते जुना थर सोडवतं आणि सुटलेला कचरा थेट जाळीवर येतो. हवेची नळी साफ करून गाडी दिली असती, तर आठवड्यात पुन्हा तीच तक्रार आली असती.

साबणाच्या पाण्यात साखळीचा तुकडा टाकून टाकी खळखळवली. मग किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व गरम पाण्यात कालवून रात्रभर भरून ठेवलं. सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुतली आणि लगेच वाळवली, कारण ओला राहिलेला उघडा पत्रा पाहता पाहता पुन्हा तांबूस होतो. पाइपात हवा मारली ती दोन्ही टोकं सोडून, पंपाकडून टाकीकडे. उलट मारली तर कचरा बारीक वाटेकडे जाऊन बसतो. रबरी पाइप इथेनॉलनं फुगून मऊ झाले होते, सगळे नवे टाकले.

गंज निघाल्यावर तळाला सुईएवढं भोक दिसलं. शेजारचा वेल्डर म्हणाला, "रिकामीच आहे, दे इकडं, दोन मिनिटांत मारतो." मी टाकी हातात दिली नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त घातक. आत पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते, ठिणगी पडायचा अवकाश. धुतलेल्या टाकीचाही मी भरवसा धरत नाही. भोक वर येईल अशी टाकी ठेवली, भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरलं आणि तापवलेल्या सोल्डरिंग आयर्ननं डाख दिला. ज्योत नाहीच.

नंतर आबांना घेऊन सावद्यापर्यंत जाऊन आलो, गाडी कुठे अडखळली नाही. डिक्कीत त्यांचे काढलेले दोन्ही पंप पडले होते. तपासले, दोन्ही ठणठणीत.

"मंग पैसे कसाचे घेतले त्यानं?" आबांनी विचारलं. मी बिल लिहायला घेतलं.