क्लास लावण्याआधी पट्टी विचारा

जून उजाडला की नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत गाणं, तबला, गिटारच्या क्लासचे फलक झळकायला लागतात. चौकशीला गेलेले पालक आधी फी विचारतात, मग परीक्षा. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: शिकणाऱ्याचा गळा आणि हात बघून इथे काही ठरवतात का, की येईल त्याला एकाच मापाचं शिकवतात?

गाण्यात याचा अर्थ पट्टी, म्हणजे सा किती उंचीवर धरायचा ते. ती पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून सांगतात; काळी एक म्हणजे सप्तकातली पहिली काळी. पुरुष साधारण काळी एक ते काळी दोनमध्ये गातात, बायका काळी चार-पाचच्या आसपास, आणि लहान मुलामुलींचा गळा बायकांच्या पट्टीजवळ असतो. आता पंधरा जणांची बॅच, सर काळी एकमध्ये गाणारे आणि पेटीवर तोच सा. आठ वर्षांच्या मुलीला तो सा सरांच्या सप्तकात लावताच येत नाही, म्हणून ती वरच्या सप्तकात लावते. मग तिथून तार सा गाठताना ओरडते, मान ताणते, गळ्याच्या शिरा दिसतात. घरचे म्हणतात, हिला गाणं जमत नाही. खरं तर पट्टी चुकलेली असते. चांगला शिक्षक पहिल्याच तासाला खाली मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) आणि वर तार गंधार (वरच्या सप्तकातला ग) न ताणता लागतो का ते बघतो आणि त्यावरून सा ठरवतो. बॅचमध्ये प्रत्येकाची पट्टी सांभाळणं अवघड, हे मान्य. पण मग मुलं, बायका आणि पुरुष यांचे तास निदान वेगळे हवेत.

मुलगा बारा ते पंधराचा असेल तर आवाज फुटण्याचा काळ धरूनच चला. तेव्हा पट्टी बरीच खाली आणावी, सप्तकाच्या मधल्या सहा-सात सुरांतच गावं, जोर लावू नये. गाणं बंद करण्याची गरज नसते. ‘पूर्वीसारखंच वरचं लाव’ म्हणणारा क्लास मात्र सोडावा. पन्नाशीनंतर शिकायला येणाऱ्या बायकांचाही आवाज खाली आलेला असतो. काळी तीनमध्ये मोकळं गाता येत असेल तर काळी पाचचा हट्ट कशाला?

क्लास पारखायचा तर तिथला सर्वांत हुशार विद्यार्थी ऐकू नका, कारण तो कुठेही शिकला असता. दुसऱ्या वर्षातला साधा विद्यार्थी ऐका. पेटी थांबवून, नुसत्या तानपुऱ्यावर त्याला भूप रागाचे आरोह-अवरोह (चढते-उतरते सूर) म्हणायला सांगा आणि शेवटच्या सा वर पेटी वाजवून बघा. सूर जुळला तर शिकवणं चांगलं. प्रत्येक सुराखाली पेटी वाजवत राहिलं की विद्यार्थी पेटीच्या मागे मागे जातो, त्याला स्वतःला सूर सापडत नाही. गाण्याच्या वर्गातली ही सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी लक्षात येणारी चूक. त्यासोबत हातावर त्रिताल धरायला सांगा: सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला काल, म्हणजे टाळीऐवजी मोकळा हात. वर्षभरात हे येत नसेल, तर गाणी पाठ झाली आहेत एवढंच.

तबल्यात माप तोंडाचं. साधारण साडेपाच इंची तबला लहान हाताला बरा. अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला टेकवून तर्जनीने चाटेवर, म्हणजे तोंडाच्या काठावर, ‘ना’ काढायचा असतो. सहा इंच किंवा त्याहून मोठं तोंड असेल तर लहान पंजा ताणला जातो, मनगट उचललं जातं आणि ती सवय नंतर सुटता सुटत नाही. पहिले काही महिने ना, तीं, धा, धीं स्वच्छ निघाले तर पुरे. ते न निघताच कायद्याची (बोलांच्या ठरावीक रचनेची) दुगुन, म्हणजे दुप्पट लय, चालू झाली की बोल एकमेकांत मिसळतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेने पुडी (तोंडावरचं कातडं) सैल पडते आणि सूर उतरतो, म्हणून तबला झाकून, ओल्या भिंतीपासून दूर ठेवावा.

व्हायोलिन मुलाच्या हाताच्या लांबीवर घ्यायचं, पाव, अर्धं, पाऊण अशा मापांत मिळतं. ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून पूर्ण मापाचं घेतलं तर डावा खांदा वर चढतो. गिटार लहानांसाठी नायलॉनच्या तारांची. कीबोर्ड नेहमीच्या रुंदीच्या 61 पट्ट्यांचा. बारीक पट्ट्यांवर बसलेली बोटं मोठ्या वाद्यावर चुकतात.

अंतराचा विचार पालक कमी करतात. नाशिकरोडहून गंगापूर रोडला संध्याकाळी द्वारका चौकातून जायचं म्हटलं की मूल तासाला बसेपर्यंत थकलेलं असतं. लहानांना आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास आणि घरी रोज पंधरा मिनिटं रियाज, हे आठवड्याच्या एका दीड तासापेक्षा खूप चांगलं. सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्या मोठ्यांनी मात्र आठवड्याला एकच तास ठेवावा, पण तास रेकॉर्ड करू देणारा शिक्षक शोधावा. मोठ्यांना ऐकलेलं लगेच समजतं, गळा आणि हात मागे राहतात. रेकॉर्डिंग ऐकत तेच दहा वेळा केल्याने ते अंतर भरतं.

परीक्षा द्यावी, पण घाईने नको. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या आहेत. दहावीच्या वाढीव गुणांसाठी कुठली परीक्षा धरतात ते शाळेतच विचारून घ्या. परीक्षेपुरते चार राग घोकून घेणाऱ्या क्लासमध्ये मुलाला पुढच्या परीक्षेला पुन्हा शून्यापासून सुरू करावं लागतं.

पेटी किंवा तबला पहिल्या दिवशी घेऊ नका, महिना-दोन महिने क्लासच्या वाद्यावर जाऊ द्या. जुनी पेटी घेताना सगळे सूर बंद ठेवून भाता भरा आणि हात सोडा. भाता लगेच मिटला तर हवा गळते आहे. मग शिक्षकांना सोबत नेऊन एकेक पट्टी दाबून ऐका; सूर भसाडा असेल तर दुरुस्तीचा खर्च आधी विचारा आणि मगच सौदा करा.